पंप माळ्यावर आहे

मिस्त्रीकाकांनी गाडीच्या दाराला आतून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. मी "अहो काका" म्हणेपर्यंत चव घेऊन झालीसुद्धा.

"खारट," ते म्हणाले. "बाय, आदी जागा कर. गाडी कुठं पळून जात नाय."

ही गोष्ट २०१९ च्या मार्चमधली. गाडी म्हणजे बाबांचा ट्रक. १९६६ चं मॉडेल, लांब नाकाचा, जाळीवर तीन टोकांचा तारा. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझबरोबर ट्रक बनवायला घेतले. तो करार १९६९ पर्यंत टिकला आणि तोवर जमशेदपूरच्या गाड्यांवर हा तारा असायचा. आमच्या पट्ट्यात, म्हणजे दापोली तालुक्याच्या किनाऱ्याला, या ट्रकला टाटा कुणी म्हटलंच नाही. 'मर्सिडी'च म्हणायचे. बाबांनी १९७१ साली तो सेकंडहँड घेतला. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या रात्रीच्या गारव्यात मुंबईला न्यायच्या आणि बाकीचं वर्ष चिरे, कौलं, सिमेंट, अधूनमधून एखादं वऱ्हाड. १९९३ च्या मे महिन्यात त्यांनी तो गोठ्याशेजारी आंब्याखाली लावला. "पावसाळा झाला की बघू," म्हणाले. त्यानंतर पंचवीस पावसाळे झाले आणि २०१८ मध्ये बाबा गेले.

मी पुण्यात आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. वीसेक वर्षं पोरांना फाइल धरायची कशी, मायक्रोमीटर वाचायचा कसा, हेच सांगत आले आहे. त्यामुळे माझा हिशेब सोपा होता. सुट्टीला यायचं, पाने काढायचे आणि सुरू करायचं. मिस्त्रीकाका चौदाव्या वर्षी बाबांकडे किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, म्हणून लागले, पुढे स्वतःच्या हिमतीवर मिस्त्री झाले. या गाडीचा असा एक नट नाही जो त्यांनी कधीतरी तोंडात धरलेला नाही. ते हो म्हणाले तेव्हा निम्मं काम झालं, असंच मला वाटलं होतं. प्रत्यक्षात गाडीला पहिला पाना लागायला दीड वर्ष गेलं. मधला सगळा काळ जागा करण्यात गेला.

सुरुवात मी खड्ड्यापासून केली, म्हणजे चुकीपासून. मोठ्या गाडीचं गॅरेज म्हटलं की खाली उतरून काम करायला खड्डा हवाच. आलेख कागदावर मी तो काढूनही ठेवला होता. तीन फूट रुंद, पाच फूट खोल, पायऱ्या, दिव्यासाठी कोनाडा. काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"खड्डा नको. इहीर होईल."

मी ऐकलं नाही. मे महिन्यात चार फुटांचा खड्डा खणून बघितला. तळ असा कोरडा की फुंकर मारली तर धूळ उडेल. मी विजयी मुद्रेने पुण्याला गेले. जुलैत आले तेव्हा पाणी काठापासून वीतभर खाली होतं आणि बेडकांचा संसार थाटलेला होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जमिनीत आपण भोक पाडलं तर पाऊस त्याचं काय करील, हा प्रश्न मला आलेख कागदावर पडला नव्हता. शिवाय इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साठून राहते, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. सांगणं वेगळं, आठवणं वेगळं.

मग काकांनी काठीने मातीत दोन समांतर रेघा ओढल्या. आपण खाली उतरायचं नाही, गाडीला वर चढवायचं. जांभ्याच्या चिऱ्यांची दोन लांब जोती, अडीच फूट उंच, मागची जोडचाकं मावतील इतकी रुंद, एका टोकाला उतार. जांभ्याच्या कडा ढासळतात म्हणून वर जाळी घालून काँक्रीटचा थर आणि चाक घसरू नये म्हणून दोन्ही कडांना वीतभर कठडा. खाली पाट टाकून बसलं की गिअरबॉक्स बरोबर डोळ्यांसमोर येतो. पाणी यायचं तर येऊ दे, ते वाहून जातं. ट्रॅक्टरने ओढून गाडी जोत्यांवर चढवली त्या दिवशी वाडीतली निम्मी माणसं बघायला होती. केबिनमध्ये राहणारी धामण त्या गोंधळात कधी निघून गेली, कळलं नाही.

चिऱ्यांचं निघालंच आहे तर एक सांगते. जांभ्याला इंग्रजीत लॅटेराइट म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हा दगड बघून १८०७ मध्ये दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की हत्याराने विटेसारखा तासता येतो, आणि मग हवा लागली की कठीण होतो. त्याचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. लाखो पावसाळ्यांनी खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि जे हटलं नाही ते मागे राहिलं. म्हणजे ज्या दगडाची आमची घरं, गडगे, विहिरी, देवळं, तो दगड मुळात गंजच. हे मी काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते चिऱ्याला सिमेंट थापत म्हणाले, "मंग गाडी घरी आली म्हणायची."

जमिनीवरून आईशी भांडण झालं. शेणाने सारवलेल्या खळ्यात जॅक रुततो. रिकामी गाडीसुद्धा काही टनांची, तिला सहा इंच काँक्रीट हवं आणि त्याखाली जाड प्लास्टिक, नाहीतर जमिनीतली ओल वर चढून लोखंडाला खालून खाते. हे सगळं मी आईला पटवून दिलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि माझी आमसुलं?" खळ्याचा अर्धा भाग शेडमध्ये गेला होता आणि मे महिन्यात कोकमं वाळवायला तेवढीच उन्हाची जागा. शेवटी तह झाला. कारखान्यात आखतात तसा फरशीवर पिवळा पट्टा मारला. पट्ट्याच्या अलीकडे ऑइल, पलीकडे आमसुलं. पट्टा ओलांडून पाना ठेवलेला दिसला तर तो मला विहिरीच्या काठावर सापडतो.

छताचा धडा जास्त महाग पडला. पहिल्यांदा मी पत्रे घातले, २०१९ च्या डिसेंबरात. स्वस्त, चार दिवसांत काम. थंडीत पहाटे शेडमध्ये गेले तर टप टप आवाज. बाहेर आभाळ निरभ्र, आत पाऊस. रात्री पत्रा आभाळाकडे उष्णता फेकून हवेपेक्षा गार पडतो आणि हवेतली सगळी ओल त्याच्या पोटाशी येऊन थेंब धरते. ते थेंब कुठे पडावेत? बरोबर त्या बाकावर, जिथे मी हत्यारं पुसून मांडून ठेवली होती. काका म्हणत होते कौलं घाल. मी म्हणत होते बघू.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि तो वाद मिटवून गेलं. आम्ही माजघरात बसून होतो. अठरा पत्र्यांपैकी तेरा गेले. एकेक सुटताना तोफ उडाल्यासारखा आवाज यायचा आणि पुढचा कोणता, एवढंच आम्ही मोजत होतो. संध्याकाळी बाहेर आलो तर एक पत्रा माडाच्या बुंध्याला गुंडाळलेला, पुडीला कागद गुंडाळावा तसा. चार शेजारच्या पोफळीच्या बागेत. बाकीचे आजतागायत कुठे आहेत माहीत नाही. ज्या आंब्याखाली ट्रक पंचवीस वर्षं उभा होता तो आंबा मुळासकट आडवा, नेमका ट्रकच्या जुन्या जागेवर. ट्रक जोत्यांवर तसाच. काका आले, आंब्याभोवती एक फेरी मारली आणि काहीच बोलले नाहीत. वीज यायला महिना लागला.

दुसऱ्यांदा मंगलोरी कौलं घातली. कौलंही उडतात, वाडीत कितीतरी घरांची उडाली. पण कौल एकेक जातं, एकेक परत लावता येतं, आणि त्याच्या पोटातून पहाटे पाऊस पडत नाही. आंब्याच्या लाकडाचं काय करायचं हा प्रश्न होताच. ते वाळवी लागणारं लाकूड, शेडला उपयोग नाही. पेट्यांना गेलं. वासे, रीप किंजळीचे. मधोमध मात्र लाकूड नाही, लोखंडी आय सेक्शन टाकला, त्याला दोन टनांची चेन कप्पी. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून वजन अर्ध्या टनाच्या घरात जातं. काकांनी आणि बाबांनी तरुणपणी हेच इंजिन आंब्याच्या फांदीला दोर बांधून काढलं होतं म्हणे. "फांदी करकरत व्हती. तुझे बाबा बोलले, करकरते म्हंजे जिती हाय." असल्या आठवणी काका नेमक्या मी कप्पीच्या हुकाची तपासणी करत असताना सांगतात.

विजेचं थोडक्यात. सिंगल फेजवर संध्याकाळी व्होल्टेज इतका पडतो की वेल्डिंगची सळी चिकटून बसते, म्हणून जोड काम सकाळचं. अर्थिंगचा खड्डा मात्र नीट केला. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात वीज ओढून घेत नाही, त्यामुळे पट्टीभोवती कोळसा आणि मीठ भरावं लागतं. ज्या मिठापासून गाडी वाचवायला एवढा खटाटोप, त्याच मिठाची दोन पोती मी दुकानातून विकत आणून अंगणात पुरली. दुकानदाराने विचारलं, लोणची घालताय का ताई?

मग हत्यारं. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी हिंडून मी मिलिमीटरचे पाने जमवले. सतरा, एकोणीस, बावीस, चोवीस. जर्मन गाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिल्याच दिवशी हौद्याच्या एका बोल्टला एकोणीसचा पाना लावला तर सैल आणि अठराचा लावला तर बसेना. काका हसले. त्या काळी ट्रक कारखान्यातून निघायचा तो चासी, इंजिन आणि नाक एवढाच. केबिन आणि हौदा आपल्याकडचे सुतार-लोहार बांधायचे, आणि त्यांचं माप सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 'चार सुती बोल्ट', 'पाच सुती सळी'. म्हणजे आमचा ट्रक कमरेखाली जर्मन आणि कमरेवर कोकणी. बाकावर आता दोन फळ्या आहेत, एकीवर मिलिमीटर, दुसरीवर सूत, आणि दोन्हींत न बसणाऱ्या नटांसाठी काकांचा एक जुना पाइप पाना, ज्याचा मला अतिशय राग येतो, कारण तो नटाच्या कडा खातो आणि तरीही दर वेळी काम करतो.

चाकांच्या बाबतीत मी दोन स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यावर बसतात ते बोल्ट, तोडले. उजव्या बाजूची चाकं सुटली तशीच डावीही सुटतील म्हणून पान्याला चार फुटांचा पाइप लावून लोंबकळले. दुसरा स्टड तुटल्यावर काका पडवीतून ओरडले, "डाव्या अंगाचे आटे उलटे हायत, बाय!" चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून ही सोय. आटे कापायला शिकवणाऱ्या बाईला हे आधी सांगायला काय झालं होतं, असं मी विचारलं. "तू शिकवतेस ना," एवढंच उत्तर. चाकांना लॉक रिंगा आहेत, टायर जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी कड्या. हवा भरताना अशी रिंग सुटली तर माणूस जागेवर राहत नाही, म्हणून त्या कामाला चाक साखळदंडाने आवळून आम्ही भिंतीआड उभे राहतो. तिथे काकासुद्धा गंमत करत नाहीत. ब्रेकचे जुने पट्टे काढतानाही तसंच. त्यांत ॲसबेस्टॉस असतो, तेव्हा ओलं करून पुसायचं, हवेने फुंकायचं नाही.

गंज काढण्याचं काम मला सगळ्यात आवडतं. हर्णै बंदरातून मासळीचं एक निळं पिंप आणलं. त्यात चाळीसेक लिटर पाणी, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा. कडेने भंगारातल्या सळ्या उभ्या केल्या, त्या सगळ्या तारेने जोडून चार्जरच्या अधिक टोकाला. मध्ये गंजलेला भाग टांगायचा, सळ्यांना न टेकता, आणि त्याला उणे टोक. चार्जर सुरू केला की मिनिटाभरात त्या भागाच्या अंगावरून बारीक बुडबुडे निघायला लागतात, सोलकढी ढवळल्यावर कडेला येतो तसा फेस धरतो आणि हळूहळू वर तांबडी साय जमते. स्टेनलेस स्टीलची सळी वापरायची नाही, तिच्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ टाकायचं नाही, क्लोरीन निघतो. बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून पिंप उघड्यावर आणि काकांची विडी रातांब्याच्या झाडापलीकडे. एकदा भाच्याने टोकं उलटी लावली. सकाळी ब्रॅकेट बाहेर काढलं तर अंगावर देवीचे वण.

नीट लावलं की मात्र दुसऱ्या दिवशी जे बाहेर येतं ते बघण्यासारखं असतं. वर काळा चिखल. तो नारळाच्या सोडणाने घासायचा, गरम पाणी ओतायचं. काल जिथे पापुद्रे होते तिथे राखाडी, जरा खरखरीत, ओतकामाचं कोरं अंग दिसतं, आणि त्यावर कारखान्याचा भाग क्रमांक, प्रत्येक आकड्याची कड शाबूत. हा आनंद अर्ध्या तासाचा. तेवढ्या वेळात तेलाचं बोट लागलं नाही तर त्या राखाडी अंगावर हळद लावल्यासारखी पिवळी झाक चढते. पुण्यात मी जॉब धुऊन दुसऱ्या दिवशीपर्यंत बाकावर ठेवते. इथे हात पुसायलाही थांबायचं नाही.

तेलावरून एक फजिती. चासीच्या आतल्या पोकळीत ब्रश जात नाही. काकांनी कुठूनसं मोरीच्या, म्हणजे लहान शार्क माशाच्या, काळजाचं तेल आणलं, लाकडी होड्यांना खालून लावायचे ते. मी नाक दाबून होकार दिला. दुसऱ्या सकाळी वाडीतली यच्चयावत मांजरं चासीवर रांगेने बसली होती. पण काका चुकले नव्हते. माशाचं तेल गंजाच्या आत मुरतं आणि सावकाश सुकून पापुद्रा धरतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या एका स्कॉटिश कप्तानाने डेकवर माशाचं तेल सांडलेल्या जागी गंज थांबलेला पाहिला आणि त्यावरून पुढे गंजरोधक रंगाचा मोठा धंदा उभा केला. आमच्या काकांनी मांजरं उभी केली, एवढाच फरक.

लोक विचारतात, रस्त्यावर कधी आणणार? २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम काढला, पण तो दुचाकी आणि चारचाकींचा, खासगी वापराच्या. आमच्या गाडीला चाकं सहा आणि जन्मभर तिने भाडं मारलं. त्यामुळे रस्त्याचा विचार मी सध्या करत नाही. क्रँक कुंभार्ली घाट चढून कोल्हापूरला ग्राइंडिंगला जाऊन आला आहे, ब्लॉक धुऊन तेल लावून झाकला आहे. गार इंजिन सुरू करताना आत ऊब देणारे सहा ग्लो प्लग एकाच माळेत आहेत, गणपतीतल्या दिव्यांच्या तोरणासारखे. एक गेला की सगळे गेले. त्यातले दोन मिळायचे आहेत.

आणि मग पावसाळा. कोकणात मे अखेरीस घरोघरी आगोटीची तयारी चालते. सुकट, मीठ, लाकडं, शेणी, सगळं चार महिन्यांचं भरून घ्यायचं. शेडलाही आगोट करावी लागते, हे मी दोन पावसाळे भोगून शिकले. पश्चिमेला माडाचे झाप बांधायचे, उघड्या लोखंडाला ग्रीस, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडायचं. नट-बोल्ट आईने दिलेल्या लोणच्याच्या बरण्यांत, तेलात बुडवून. बरण्यांवर कागदाची चिठ्ठी लावली तर तिला बुरशी तरी येते किंवा कसर तरी खाते, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरून ती दोऱ्याने बांधते. 'पुढचा पाटा, डावा.' 'वॉटर पंप.' मांडणीवर ओळीने उभ्या असतात, आणि पाहुणे हमखास विचारतात की मुरलं का.

प्रश्न फक्त पंपाचा होता. डिझेलचा इंजेक्शन पंप, सहा प्लंजरचा, म्हणजे दट्ट्यांचा, अंगावर मायकोचा शिक्का. बॉशशी जोडलेली ही कंपनी १९५१ मध्ये सुरू झाली. प्लंजर आणि त्याची नळी यांच्यात जागा असते ती दोन-तीन मायक्रॉन. केसाच्या जाडीचा विसावा-तिसावा भाग. त्यात खाऱ्या हवेचा एक ठिपका शिरला तर पंप भंगारात. मी तो पुण्याला न्यायचं म्हणत होते. आई म्हणाली, "माळ्यावर ठेव की."

चुलीवरचा माळा. सुकट, सोडे, बियाण्याचं भात, आमसुलांची बरणी, जे म्हणून ओलाव्यापासून वाचवायचं ते या घरात शंभर वर्षं तिथे ठेवलं जातंय. आंघोळीच्या पाण्यासाठी चूल अजून रोज पेटते. मी पुण्याहून आर्द्रतामापक आणून ठेवला. जुलैत शेडमधला काटा नव्वदच्या वर, माळ्यावरचा साठच्या आसपास. मग पंप तेलाने भरला, तोंडं बुचांनी बंद केली, गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून सुकटीच्या डब्याशेजारी ठेवला. त्याला आता कायमचा वास लागला आहे. कॅलिब्रेशनला नेईन तेव्हा काय सांगायचं ते ठरवायचं आहे.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. प्लंजर एकाच जागी चिकटू नयेत म्हणून महिन्यातून एकदा पंपाचा दांडा थोडा फिरवायचा. गेल्या ऑगस्टात परीक्षांमुळे मला सहा आठवडे येता आलं नाही. काकांचा गुडघा सुजलेला, त्यांना शिडी चढवेना. आईला चढायला मी सक्त मनाई केली आहे, ती शहात्तरची आहे. एका रात्री तिचा फोन आला. पावसाचं सांगितलं, काकांच्या गुडघ्याचं सांगितलं, शेडच्या झापातून आत पाणी आलं नाही हेही सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि सुकट काढायला चढले होते काल. तुझं ते फिरवलंय. अर्धा फेरा."

"आई, तुला चढू नको म्हटलं होतं ना?"

"सुकट संपली होती गं," ती म्हणाली.